माझ्या नावाची तुझी सही

रंगनाथ, तुझ्या दहाव्याला भावकीतलं एकही माणूस आलं नाही. सोनपेठकडच्या अप्पांनी आदल्या दिवशी फोन करून मला मोठ्या मायेनं समजावलं, "दिगंबर, तू कशाला डोस्कं भादरायलास? आपल्याला सुतकच न्हाई. त्येचं कूळ येगळं, आपलं येगळं. फार तर तीन दिस गोड खाऊ नको, झालं." मी हो म्हणालो. तुला माहीतच आहे, मोठ्या माणसांना मी हो म्हणतो. नंतर न्हाव्यापुढं जाऊन बसलो, पण ते काही धाडस नव्हतं. बायको म्हणाली होती, "तुमी पिंड न्हाई दिला तर आपली पोरगी ऋतुजा देईल. मंग बसा गावाला तोंड दाखवत."

दोन वर्षांपूर्वी याच अप्पांची चुलती वारली होती. नव्वदीची म्हातारी, आपल्या घरात तिला कुणी डोळ्यानंसुद्धा पाहिलेलं नव्हतं. पण ती रक्ताची निघाली होती ना! दहा दिवस आपण देवाला दिवा लावला नाही, कढईत तेल घातलं नाही. तुला कुणी सांगितलंही नव्हतं, तरी तू डोकं भादरून आलास आणि ओट्यावर बसून म्हणालास, "बरं वाटायलंय. हवा लागायलीय डोस्क्याला." तुझ्यासाठी त्यातल्या एकालाही तीन दिवस गोड सोडवलं नाही. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक आला आणि त्याखाली फुलांची रांग लागली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. ही सगळी भावकी शोधून काढली तू, आणि त्या ग्रुपात तूच नव्हतास. तुझ्याकडं साधा फोन होता असं मी स्वतःला सांगत आलो.

हे लिहितोय ते तुझं कौतुक करायला नाही. तुला ते पेलणारही नाही. दहावा उरकून मी गंगाखेडच्या त्या गुरुजींकडं तुझं नाव घराण्याच्या वहीत घालायला गेलो होतो. तिथं काय झालं ते तुला सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल.

मी तीन वर्षांचा होतो. माझी आई आदल्या वर्षी गेली होती. बापानं पाट लावून तुझ्या मायला घरात आणलं, तिच्या पदराला धरून तू आलास, सात वर्षांचा, आणि मागून तिच्या माहेरानं दिलेलं एक गोऱ्हं. आमचा बाप त्यावर हसून पारावर सांगायचा, "बाईसंगं दोन जनावरं आली. एक आपसूक नांगराला लागंल, दुसऱ्याला शिकवावं लागंल." लोक हसायचे. तू तिथंच उभा असायचास. मीही हसायचो, कारण बाप हसतोय म्हणजे काहीतरी हसण्यासारखं असणार.

त्यानं तुला चौथीतून काढून औताला धरलं आणि मला शिकवलं. "त्याला दादा म्हणायचं न्हाई, नावानं हाक मारायची," हा त्याचा हुकूम, आणि मी तो बाप मेल्यावरही पंधरा वर्षं पाळला. आताही जीभ वळत नाही, म्हणून इथंही म्हणत नाही. मेलेल्या माणसाला उगाच नव्यानं लाडात कशाला आणायचं.

तुझी माय मात्र मी पहिल्याच दिवशी घेतली. मांडी एकच होती, आणि मी लहान होतो. तिनं मला भरवलं, माझ्या अंगावरच्या देवीला कडुलिंबाचा पाला फिरवला, शाळेत पाठवताना माझ्या डब्यात गुळाचा खडा टाकला. तुझी आई मला मिळाली आणि माझा बाप तुला मिळाला नाही. आपल्या घरातली वाटणी एवढीच झाली.

पण तूही काही देवमाणूस नव्हतास, रंगनाथ. पावसाळ्यात मला खांद्यावर बसवून ओढ्यापलीकडच्या शाळेत पोचवायचास हे खरं, आणि त्याच ओढ्यात माझी पाटी मुद्दाम सोडून द्यायचास हेही खरं. माय गेली त्या दिवशी मी तिच्या पायाशी पडून रडत होतो. तू माझं बखोट धरून उठवलंस आणि सगळ्या बायांसमोर म्हणालास, "माज्या मायला कशाला रडायलास? तुजी तर कवाच मेली." त्यासाठी मी तुला तेव्हा माफ केलं नाही, आणि तू गेलास म्हणून आताही करणार नाही. ते तसंच राहू दे.

तुझं लग्न झालं नाही. दोनदा सोयरीक आली. दोन्ही वेळा पाहुण्यांनी विचारलं, पोराचं घराणं कोणतं, आणि बाप सुपारी कातरत म्हणाला, "ते त्येला इचारा." पाहुणे चहा पिऊन उठले. मी तेव्हा डी.एड.ला होतो, सुट्टीवर घरी आलो होतो. मला बोलता आलं असतं.

मग ऋतुजाच्या दाखल्याचं निघालं. बारावीला पोरीनं जीव तोडून मार्क मिळवले होते, आणि पुढच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. दाखल्याला घराण्यातल्या कुणा जुन्या माणसाचा जुना कागद लागत होता, आणि तो माणूस आपल्याच रक्ताचा हे दाखवणारी वंशावळ. मला पणज्यापलीकडं नाव ठाऊक नव्हतं. शाळामास्तर मी, दुसऱ्यांच्या पोरांना वंशवृक्ष काढायला शिकवतो, आणि माझ्याच झाडाला चार फांद्यांवर फांदी नव्हती. मी तहसीलच्या खेपा घातल्या, चिडलो, शेवटी म्हणालो, जाऊ दे. पोरगी आतल्या खोलीत रडत होती. तू ओट्यावर बसून तंबाखू मळत होतास. म्हणालास, "पणजोबाला एक भाऊ व्हता. रझाकाराच्या वक्ताला गाव सोडून गेला. माय सांगायची."

माय सांगायची! माझ्या घराण्यातली गोष्ट तुझ्या मायला माहीत होती आणि तिनं ती तुला सांगितली होती.

पुढचे दोन महिने तू पेरणी उरकून एसटीनं फिरलास. पालम, सोनपेठ, गंगाखेड. म्हाताऱ्या माणसांच्या बाजेशी बसलास, त्यांना तंबाखू दिलीस, त्यांच्याकडून नावं घेतलीस. लिहायला येत नव्हतं धड, म्हणून नावं पाठ करून यायचास आणि जेवायच्या आधी ऋतुजाला घडाघडा सांगायचास, विसरायला नको म्हणून. कुणीतरी तुला सांगितलं की पूर्वीची माणसं मेलेल्यांची राख घेऊन गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जायची तेव्हा तिथल्या गुरुजींच्या वहीत घरच्या सगळ्यांची नावं लिहून यायची. प्रत्येक गावाचे गुरुजी ठरलेले, आणि त्यांच्याकडं पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या. तू मला म्हणालास, "चल की संगं. दोघं जाऊ." मी म्हणालो, शाळेत काम आहे. काम काही नव्हतं. त्या दिवशी रविवार होता, हे तुलाही कळत होतं.

दुपारच्या गाडीनं तू परत आलास, हातात वर्तमानपत्रात बांधलेले पेढे. "सापडलं गं पोरी तुजं खानदान," म्हणून तू ऋतुजाच्या तोंडात पेढा कोंबलास. पणज्याचा भाऊ सोनपेठजवळच्या एका गावात जाऊन राहिला होता, त्याची पोरं-नातवंडं वहीत होती, शेवटची नोंद अप्पांच्या बापाची. आम्ही सगळे तुझ्याभोवती जमलो. तू हसत हसत सांगायला लागलास, "गुरुजी वही दाकवीना. म्हने, त्याच घरातला मानूस पायजे. मंग म्या म्हनलं, म्याच दिगंबर. लिंबाजीचा पोरगा. सई बी ठोकली तुज्या नावाची."

मला काय झालं कोण जाणे. पोरीचं आयुष्य मार्गी लागत होतं, आणि माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की तू मी झालास. मी ओरडलो, "कुणी सांगितलं होतं माझं नाव घ्यायला? फसवणूक आहे ही. नोकरी जाईल माझी." तू म्हणालास, "मंग काय सांगू? माज्या नावानं ती वही उगडत न्हाई." एवढ्यावर थांबायचं तर मी पुढं म्हणालो, "बाप असता तर आज तुला आसुडानं फोडला असता." सगळ्यांसमोर, ऋतुजाच्या तोंडात पेढा असताना. तू टोपी उचललीस आणि शेताकडं गेलास. महिनाभर घरात जेवला नाहीस, ताट ओट्यावर घेतलंस. मी एकदाही म्हणालो नाही की आत ये. ते भांडण तिथंच पडून आहे, रंगनाथ. मी रोज म्हणायचो, उद्या मिटवू.

दाखला निघाला. अप्पांच्या घरात जुना कागद होता, आणि तुझ्या पाठ केलेल्या नावांनी दोन्ही घरं जोडली गेली. वंशावळ मी शाळेच्या कॉम्प्युटरवर बसून तयार केली. एकदा लिंबाजीच्या खाली दोन रेघा काढल्या, एक माझी, एक तुझी. मग तुझी पुसली. शपथेवर द्यायचा कागद, रक्ताबाहेरचं नाव घालून कसं चालेल, हे कारण खरंच होतं. पण भावकीच्या जेवणाला मी तीच वंशावळ फ्लेक्सवर छापून आणली, झाड काढून, पानापानावर फोटो लावून. तो फ्लेक्स काही तहसीलदाराला दाखवायचा नव्हता. तिथं एक पान जास्त असतं तर कुणाचं काय गेलं असतं? शिडीवर चढून तो फ्लेक्स बांधला तू. खाली उतरून लांबून पाहिलास आणि म्हणालास, "वाकडा न्हाई ना?"

त्या जेवणाला अप्पांनी विचारलं होतं, तुला आठवत असेल. तू वरणाची बादली घेऊन पंगतीत फिरत होतास. तुझ्याकडं बोट करून म्हणाले, "ह्ये कोन? लय राबायलेत सकाळधरनं." मी म्हणालो, "आपलाच माणूस हाय. शेतातलं बघतो." तू दोन पानं सोडून वाकलेला होतास. बादलीतला पळा थांबला, मग पुढच्या पानावर वरण पडलं. घरी येऊन बायको म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा. भाऊ शोधायला जिल्हा पालथा घातला तुमी." मी तिला गप्प बस म्हणालो.

तू कसा गेलास ते आता सगळ्या गावाला पाठ झालंय. तुरीच्या बांधावर, दुपारी, एकटा. मी पोचलो तेव्हा लोकांनी तुला उन्हातून उचलून बाभळीखाली ठेवलं होतं आणि हाताला लागलं ते तुझ्यावर पांघरलं होतं. तो फ्लेक्स होता. तू त्याची ताडपत्री केली होतीस, सोयाबीनच्या ढिगावर घालायला. छापलेली बाजू खाली होती. म्हणजे माझ्या सात पिढ्या तुझ्या छातीवर पालथ्या पडल्या होत्या. मी तो काढून बाजूला फेकला आणि खिशातली दस्ती तुझ्या तोंडावर टाकली. ती पुरली नाही.

नंतर ऋतुजानं मला एक सांगितलं. तू माझी माणसं शोधत हिंडत होतास तेव्हा एकदा पालमकडं तुझ्या स्वतःच्या बापाच्या गावीही गेला होतास. दारात उभा राहून नाव सांगितलंस. आतून एक म्हातारा म्हणाला, "ती बाई पाट लावून गेली, तवाच मेली आमाला. तिचं पोरगं बी." तू पाणी मागितलंस, त्यांनी दिलं, तू पिऊन निघालास. पोरीला हे सांगताना तू हसत होतास म्हणे. मला सांगितलं नाहीस. बरंच केलंस, मी काहीतरी वाईट बोललो असतो.

दहाव्याला गंगाखेडच्या घाटावर पिंड मांडणाऱ्या भटजींनी गोत्र विचारलं. मग तेच म्हणाले, "ठाऊक नसंल तर काश्यप म्हणा. ज्याला कुणाचं नाही त्याला काश्यप." कावळा मात्र लगेच शिवला. लोक म्हणाले, शांत गेला, काही इच्छा राहिली नव्हती. मला कळलं, तुला माझ्याकडून काहीही नको होतं.

बायकोला आणि ऋतुजाला रिक्षात बसवून मी एकटाच गुरुजींच्या घरी गेलो. रस्ताभर वाक्य पाठ केलं होतं, लिंबाजींचा थोरला मुलगा रंगनाथ, कैलासवासी झाला, तेवढं लिहून घ्या. म्हातारे गुरुजी, चष्म्याला दोरा. त्यांनी गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, लाल फडकं सोडून वही काढली आणि बोट फिरवत वाचलं, "दिगंबर लिंबाजी. बायको एक, मुलगी एक. भाऊ नाही."

मी म्हणालो, "एक भाऊ होता. रंगनाथ. लिहायचा राहिला असेल."

"राहील कसा?" गुरुजी म्हणाले. "मी दोनदा विचारतो. दिगंबरराव स्वतः बसले होते, तुम्ही बसलात तिथंच. उंच, सावळे, मोकळा माणूस. जाताना पायलीभर तूर ठेवून गेले. मी विचारलं, भाऊ किती? म्हणाले, न्हाई. पुन्हा विचारलं, चुलत-सावत्र कुणी? तर हसले. म्हणाले, असता तं संगं आला नसता का, गुरुजी?"

खाली तुझी सही होती. माझं नाव, चौथीच्या पोराच्या अक्षरात, गिचमिड. माझ्या तोंडून तू तेच बोललास जे मी बोललो असतो. तुझी मेहनत बघ, किती बरोबर मी झाला होतास तू.

"लिहून दिलेलं आम्ही बदलत नाही," गुरुजी म्हणाले. "आता कोण गेलं, ते सांगा."

मी त्या सहीकडं बघत होतो. त्या वहीत तू एकाच ठिकाणी होतास. मी म्हणालो, "हेच. जे इथं येऊन गेले तेच."

त्यांनी "अरेरे" म्हटलं, दौत ओढली, आणि माझ्या नावाआधी कै. लिहिलं. तिथी घातली. एवढंच, त्याला क्षणही लागला नाही. मग वही माझ्याकडं फिरवून म्हणाले, "आपण कोण त्यांचे?"

"भाऊ."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "भाऊ नाही म्हणून त्यांनीच लिहून दिलंय की."

"सावत्र," मी म्हणालो. "आईच्या पदराला धरून आलेला."

"असं होय," गुरुजी म्हणाले आणि वही परत आपल्याकडं ओढली. आवाजात राग नव्हता, उलट बरीच नरमाई होती. "मग सही तुमची नको. घरातलं रक्ताचं कुणी असलं तर पाठवून द्या कधी."

मी उठलो. आणि आता तुला खरं सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. दोन पायऱ्या उतरल्यावर मला वाटलं, माघारी फिरावं आणि ओरडून सांगावं की गुरुजी, दिगंबर मी आहे, मी जिवंत आहे, मी मास्तर आहे, ते खोडा. तुझ्या जागेवर मला पाच मिनिटंही बसवलं नाही, रंगनाथ. मी तिथंच उभा राहिलो. समोर कोपऱ्यावर पेढ्याचं दुकान होतं. त्या दिवशी आत भाऊ नाही म्हणून सांगून तू याच पायऱ्या उतरला होतास, आणि त्या दुकानात थांबून माझ्या पोरीसाठी पेढे बांधून घेतले होतेस.